जुळी इंजिने, उलट पंखे

गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्याशी किंवा माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर नाना तऱ्हेच्या नौका पाहायला मिळतात. प्रवासी लाँच येतात-जातात, मासळी भरलेल्या बोटी धक्क्याला लागतात आणि मधूनच पाणी कापीत एखादी वेगवान बोट निघून जाते. अशा बोटीच्या मागच्या फळीवर पुष्कळदा दोन इंजिने शेजारी शेजारी टांगलेली असतात. ही झाली 'आऊटबोर्ड' इंजिने, म्हणजे बोटीच्या पोटात न बसवता बाहेर अडकवलेली. रंग एक, आकार एक, आवाजही एक. पाहणाऱ्याला ती जुळी भावंडे वाटावीत.

परंतु बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असताना या इंजिनांचे पंखे निरखून पाहावेत. बऱ्याचदा असे आढळते की एका पंख्याची पाती ज्या बाजूला कललेली असतात, त्याच्या नेमकी उलट बाजूला दुसऱ्याची पाती कललेली असतात. एक पंखा म्हणजे जणू दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. बोट पुढे जाताना दोन्ही पंखे पाणी मागेच ढकलतात, पण फिरतात मात्र परस्परविरुद्ध दिशांना.

पाणी मागे ढकलायचे एवढेच काम असेल, तर दोन्ही पंखे एकाच जातीचे का नकोत? एकाच जातीचे असते तर सुटे भाग ठेवायला सोपे, खर्चही कमी. तरीही कारखानदार मुद्दाम दोन जातींची इंजिने बनवतात. त्यामागे न्यूटनचा तिसरा नियम आहे. नववी-दहावीत आपण तो शिकवतो, पण शिकवताना बहुधा त्याची अर्धीच बाजू सांगतो. दुसरी अर्धी बाजू काय ते या लेखात पाहू.

पंख्याला धरून कोण ठेवते?

आधी वर्गातल्या छताच्या पंख्याकडे पाहू. आपल्याकडचे बहुतेक छताचे पंखे खालून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. पंख्याची पाती हवेला खाली ढकलतात, म्हणून हवा पंख्याला वर ढकलते. ही क्रिया-प्रतिक्रियेची नेहमीची बाजू. पण पाती हवेला नुसती खाली ढकलत नाहीत. ती तिला आपल्याबरोबर गोल फिरवतातही. मग हवाही पात्यांना उलट दिशेने फिरवू पाहणारच. पंख्याच्या आतली मोटर पात्यांना एका दिशेने पिळते, तेव्हा मोटरच्या न फिरणाऱ्या भागाला तेवढाच पीळ दुसऱ्या दिशेने बसतो.

मग पंख्याचा दांडा का फिरत नाही? तो कडीला पक्का अडकवलेला आहे, कडी स्लॅबमध्ये आहे, स्लॅब भिंतींवर आहे आणि भिंती जमिनीत रोवलेल्या आहेत. पंख्याने दिलेला उलटा पीळ अखेर सगळ्या इमारतीच्या माथी जातो आणि तो इतका क्षुल्लक असतो की कोणाच्या लक्षात येत नाही.

बोटीला मात्र अशी इमारत नाही. तिला धरून ठेवणारे आहे ते फक्त पाणी. मागे उभे राहून पाहिल्यास पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर बोट त्याच्या उलट पिळली जाते, म्हणजे तिची डावी बाजू खाली दबते आणि उजवी वर उचलली जाते. बोट थोडी कलली की पाण्याचा दाब तिला पुन्हा सरळ करू पाहतो. कलण्याचा पीळ आणि सरळ करणारा पीळ समसमान झाले, की तेवढ्या कलावर बोट स्थिरावते. पीळ नाहीसा झालेला नसतो. त्याची भरपाई पाण्याने केलेली असते.

एक छोटा हिशेब

हा पीळ किती असतो? विज्ञानात पिळाला 'आघूर्ण' म्हणतात. शक्तीला कोनीय वेगाने भागले की आघूर्ण मिळते. एक ४० हॉर्सपॉवरचे इंजिन घेऊ. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ही शक्ती सुमारे ३०,००० वॅट झाली. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे आणि खालच्या दंतचक्रांमुळे पंख्याचे फेरे निम्मे, म्हणजे २,५०० होतात असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ४१.७ फेरे. प्रत्येक फेरा २π रेडियनचा, म्हणून कोनीय वेग सेकंदाला सुमारे २६२ रेडियन. ३०,००० ला २६२ ने भागले की उत्तर येते साधारण ११५ न्यूटन-मीटर.

हा आकडा विद्यार्थ्यांना एरवी काहीच सांगणार नाही. तो असा सांगावा: ६० किलो वजनाचा माणूस बोटीच्या मध्यरेषेपासून २० सेंटिमीटर बाजूला सरकून बसला, तर बोटीला जेवढा पीळ बसेल तेवढाच हा आहे. लहान होडीत चालक थोडा एका अंगाला बसला की काम भागते.

आता ११५ हॉर्सपॉवरची दोन इंजिने घेऊ आणि त्यांचे पंखे एकाच दिशेने मिनिटाला २,७५० फेरे घेत आहेत असे मानू. वरच्याच रीतीने प्रत्येकाचे आघूर्ण सुमारे ३०० न्यूटन-मीटर येते. दोघांचे मिळून ६००. म्हणजे तोच ६० किलोचा माणूस आता मध्यरेषेपासून पूर्ण एक मीटर बाजूला बसल्यासारखे झाले. जडशीळ प्रवासी लाँचला याची फिकीर नाही. पण हलकी, अरुंद, वेगात पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाणारी बोट असेल, तर चालकाला तिचा कल स्पष्ट जाणवतो. तो सावरण्यासाठी त्याला माणसे आणि सामान इकडचे तिकडे करावे लागते आणि वेग बदलला की हा हिशेबही बदलतो.

सुकाणूची ओढ

कल एवढीच अडचण असती तर ती चालून गेली असती. फिरता पंखा आणखी एक गोष्ट करतो: तो बोटीला बाजूला ओढतो. पंख्याचा दांडा पाण्याच्या प्रवाहाला अगदी समांतर क्वचितच असतो. तो थोडा वरखाली कललेला असला, की खाली उतरणारे पाते आणि वर चढणारे पाते पाण्याला सारख्याच कोनातून भिडत नाहीत. एका बाजूचा जोर दुसरीपेक्षा जास्त होतो. शिवाय वरची पाती पृष्ठभागाच्या जवळ असतात, तेथे हवेचे बुडबुडे मिसळतात आणि पात्यांची पाण्यावरची पकड सुटते. खालच्या पात्यांची पकड मात्र घट्ट राहते. परिणामी पंखा पाण्याच्या तळाशी चालणाऱ्या चाकासारखा थोडासा बाजूला 'चालू' लागतो. हे विशेषेकरून बोट मागे घेताना दिसते. एकाच पंख्याची बोट धक्क्याला लावताना तिची शेपटी हटकून एकाच बाजूला जाते. अनुभवी तांडेल हे जाणून असतो आणि त्याचा उपयोगही करून घेतो.

आऊटबोर्ड इंजिनात पंखा आणि सुकाणू एकच. इंजिन वळवले की बोट वळते. त्यामुळे पंख्याची ही ओढ थेट चालकाच्या हाताला जाणवते. ती कमी करण्यासाठी पुष्कळ इंजिनांना पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याखाली एक लहानसा पंख असतो. तो थोडा वळवून बसवला, की वाहते पाणी त्याच्यावर आदळून उलट बाजूची ओढ निर्माण करते. पण हा पंख एका ठराविक वेगालाच चपखल बसतो.

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही, जिवाचा आहे. हाताने धरायच्या दांड्याचे इंजिन असलेली होडी एकटा माणूस वेगात चालवत आहे आणि काही सावरायला म्हणून त्याने दांडा सोडला अशी कल्पना करा. इंजिन आपोआप एका बाजूला वळते, होडी एकदम गर्रकन वळण घेते आणि माणूस बाहेर फेकला जातो. इंजिन चालूच असल्याने रिकामी होडी गोल गोल फिरत राहते आणि फिरता पंखा त्याच्याच अंगावर येऊ शकतो. म्हणूनच आऊटबोर्ड इंजिनाला एक दोरी असते, बहुधा लाल आणि पिळदार. तिचे एक टोक इंजिनाच्या खटक्याला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा अंगातल्या जीवरक्षक जाकिटाला अडकवायचे. चालक दूर फेकला गेला की दोरी खटका ओढते आणि इंजिन बंद पडते. ती दोरी नुसती लटकत ठेवणे म्हणजे हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवून निघण्यासारखेच आहे.

मुंबईच्या बंदरात वेगवान बोटीचा ताबा सुटणे म्हणजे काय, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी साऱ्यांनी पाहिले. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर नौदलाची एक बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि इंजिनातील बिघाडाने तिचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. पंख्यांच्या दिशेशी त्या अपघाताचा संबंध जोडण्याचे काही कारण नाही. पण बोट चालकाच्या हुकमात असणे किती मोलाचे आहे, हे सांगायला त्याहून वेगळे उदाहरण नको.

उलट फिरणारी जोडी

आता दोन इंजिनांच्या बोटीकडे वळू. पीळ तर टाळता येत नाही. मग एका पंख्याचा पीळ दुसऱ्याकडून फेडून घेतला तर? मागून पाहताना उजव्या बाजूचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि डाव्या बाजूचा त्याच्या उलट फिरवायचा. दोन्ही इंजिने सारख्या जोराने चालत असतील, तर ३०० उणे ३०० म्हणजे शून्य. बोट कलत नाही. बाजूला ओढण्याचेही तसेच. एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे, आणि सुकाणू हलके राहते. दोघांची पुढे ढकलण्याची ताकद मात्र एकाच दिशेने असल्याने तिची बेरीज होते. पीळ वजा, जोर अधिक: युक्ती एवढीच.

धक्क्याशी बोट वळवतानाही या जोडीचा फायदा होतो. डावा पंखा पुढे आणि उजवा मागे चालवला, की बोट जागच्या जागी उजवीकडे वळू लागते. अशा वेळी दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरत असतात, म्हणून दोघांची बाजूची ओढ एकत्र येते आणि ती बोटीची शेपटी डावीकडे नेते. म्हणजे ती वळण्याला मदतच करते. दोन पंखे एकमेकांपासून जितके दूर, तितके हे वळणे सोपे. लालबागपासून फार दूर नसलेल्या माझगाव गोदीत बांधलेल्या, १९७२ साली नौदलात दाखल झालेल्या 'निलगिरी'ला आणि १९९७ साली दाखल झालेल्या 'दिल्ली'ला दोन दांडे आणि दोन पंखे होते. दोन दांड्यांच्या जहाजांत पंखे उलटसुलट फिरवण्याचीच सर्वसाधारण रीत आहे.

मात्र या युक्तीने बोटीचा वेग वाढतो असा गैरसमज नसावा. फायदा आहे तो तोलाचा आणि ताब्याचा. आणि एक इंजिन बंद पडले की जोडी फुटते. मग उरलेले इंजिन एकट्या इंजिनासारखेच बोटीला पिळते आणि ओढते. लहान इंजिनांत ही उलटसुलट जोडी बहुधा मिळतच नाही. ती साधारणपणे शंभर हॉर्सपॉवरच्या पुढच्या इंजिनांत आढळते. त्याखाली पीळ एवढा मोठा नसतो की दोन जातींचे पंखे बाळगण्याचा खर्च परवडावा.

उजवे आटे, डावे आटे

पंखा हा मळसूत्राचाच, म्हणजे स्क्रूचाच, एक तुकडा आहे. नेहमीचा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पिळला की पुढे जातो. त्याला उजव्या आट्याचा म्हणतात. सायकलचे डावे पेडल मात्र डाव्या आट्याचे असते, हे सायकल दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. पंख्यांचेही तसेच दोन प्रकार.

ते ओळखण्याची सोपी खूण अशी. पंखा जमिनीवर किंवा टेबलावर आडवा ठेवावा, म्हणजे त्याचे दांड्याचे भोक उभे राहील. आपल्याकडे रोखलेल्या पात्याकडे समोरून पाहावे. त्याची उजवी कड वर आणि डावी कड खाली असेल, तर पंखा उजव्या आट्याचा. उलट असेल तर डाव्या आट्याचा. आता पंखा उलटा करून ठेवावा आणि पुन्हा पाहावे. खूण बदलत नाही! उजव्या पायाची चप्पल कशीही फिरवली तरी ती डाव्या पायाची होत नाही, तसेच हे. म्हणून डाव्या बाजूच्या इंजिनावर उजव्या आट्याचा पंखा उलटा बसवून भागत नाही; त्याला जन्मानेच डाव्या आट्याचा पंखा लागतो.

येथे एक धोकाही आहे. साफसफाईसाठी काढलेले दोन पंखे परत बसवताना अदलाबदल झाली, तर चालकाने पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागे जाईल! गर्दीच्या धक्क्यापाशी असे घडले तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे अशा बोटीवर जादा पंखे ठेवायचे तर दोन्ही जातींचे ठेवावे लागतात आणि बसवण्यापूर्वी वरची खूण तपासावी लागते.

इंजिन तेच, पंखा उलट

मग डाव्या बाजूचे इंजिन उलटे फिरते की काय? नाही. दोन्ही इंजिने आत एकाच दिशेने फिरतात. फरक आहे तो खाली, पाण्यात बुडालेल्या गिअरच्या पेटीत. इंजिनाकडून एक उभा दांडा खाली येतो. त्याच्या टोकाला तिरप्या दात्यांचे लहान चक्र असते. ते पुढची आणि मागची अशी दोन मोठी चक्रे एकाच वेळी फिरवते, अर्थात परस्परविरुद्ध दिशांना. ही दोन्ही चक्रे पंख्याच्या आडव्या दांड्यावर मोकळी फिरत असतात. मधला सरकता खटका ज्या चक्रात अडकेल, त्या चक्राबरोबर दांडा फिरतो. नेहमीच्या इंजिनात एक चक्र 'पुढे' आणि दुसरे 'मागे' यासाठी. उलट पंख्याच्या इंजिनात त्यांची कामे बदललेली असतात, इतकेच.

पण मग कोणतेही साधे इंजिन कायम 'मागे'च्या गिअरमध्ये ठेवून त्याला डाव्या आट्याचा पंखा लावला तर? दिशा बरोबर येईल, परंतु इंजिन टिकणार नाही. पंख्याचा सारा जोर बोटीपर्यंत एका बेअरिंगमधून पोहोचतो. साध्या इंजिनात 'मागे'च्या बाजूची बांधणी दीर्घकाळ पूर्ण जोर पेलण्यासाठी केलेली नसते. उलट पंख्याच्या इंजिनात हा भार पेलणारी बेअरिंगे मुद्दाम वेगळी मांडलेली असतात.

युक्ती जुनीच

ही कल्पना आजची नाही. स्वीडिश अभियंता जॉन एरिक्सन याने १८३६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत एकामागे एक अशी दोन चाके उलटसुलट फिरत होती. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला इंजिन एक आणि पंखे दोन होते. हे दोघे सायकलचे व्यावसायिक. त्यांनी पंखे साखळीने फिरवले आणि एका बाजूची साखळी मध्ये तिढा देऊन बसवली, म्हणजे तो पंखा उलटा फिरेल. ओल एव्हिनरूड याने अमेरिकेत आऊटबोर्ड इंजिने विकायला सुरुवात केली ती त्यानंतर, १९०९ साली.

येथे दोन रचनांत गल्लत करू नये. शेजारी शेजारी असलेले उलट पंखे वेगळे आणि एकाच रेषेत एकामागे एक असलेले वेगळे. एकाच रेषेतल्या जोडीत पुढच्या पंख्याने पाण्याला दिलेली गिरकी मागचा पंखा काढून घेतो आणि वाया जाणारी काही ऊर्जा परत मिळवतो. १९८२ साली व्होल्व्हो पेंटा कंपनीने बोटींसाठी अशी जोडी बाजारात आणली. अनेक पाणतीरांत, म्हणजे टॉर्पेडोंमध्ये, हीच रचना असते. नाहीतर पाणतीर स्वतःभोवतीच गडगडत गेला असता. आपल्या नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरना शेपटीचा पंखा नसतो, कारण डोक्यावरचे दोन पंखे एकमेकांचा पीळ फेडतात. मिरवणुकीचे चित्रण करणाऱ्या चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये दोन पंखे एका दिशेने आणि दोन उलट फिरतात.

गिरणगावातल्या जुन्या कामगारांना यात ओळखीचे काही दिसेल. एकेरी सुताला एका दिशेने पीळ दिलेला असतो, म्हणून ते सैल सोडले की आपोआप गुंतते. दोन सुते एकत्र करून उलट दिशेने पिळली की जोडसूत शांत राहते. सुतातला पीळ आणि पंख्याचा पीळ यांची कारणे निराळी, पण हिशेब एकच.

वर्गात करून पाहा

लॅमिंग्टन रोडला खेळण्यातल्या मोटरी आणि ड्रोनचे छोटे पंखे मिळतात. ड्रोनचे पंखे दोन्ही आट्यांचे येतात, ते मुद्दाम पाहून घ्यावेत. थर्मोकोलच्या तुकड्यावर मधोमध एक मोटर उभी बसवावी, सेल त्यालाच चिकटवावा आणि तुकडा दोऱ्याने टांगावा. मोटर सुरू करताच पंखा एका दिशेने आणि तुकडा दुसऱ्या दिशेने फिरू लागेल. आता मधली मोटर काढून तिच्याऐवजी दोन टोकांना दोन मोटरी बसवाव्यात. एकाच जातीचे पंखे लावून दोन्ही एका दिशेने फिरवले, तर तुकडा फिरतो. मग एका मोटरच्या तारांची अदलाबदल करावी. तुकड्याचे फिरणे जवळजवळ थांबते, पण एक पंखा हवा वर आणि दुसरा खाली फेकतो! शेवटी त्या मोटरला दुसऱ्या आट्याचा पंखा लावावा. आता पीळ फिटतो आणि हवाही एकाच बाजूला जाते. फिरत्या पंख्यापासून बोटे आणि डोळे दूर ठेवण्याची सूचना आधी द्यावी.

हे तीन टप्पे याच क्रमाने झाले, तर बोटीला उलट फिरणाराच नव्हे, तर उलट आट्याचाही पंखा का लागतो, हे मुले स्वतःच सांगतील. 'प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते' हे वाक्य पाठ करताना ढकलणे जसे आठवावे, तसे पिळणेही आठवावे. आणि पुढे कधी या मुलांपैकी कोणी बोटीवर बसले, तर ती लाल दोरी मनगटाला बांधण्याचे कारण त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.